कळमन्याची आवक, मोंगोमधला ढिगांचा अ‍ॅरे अन् इंडेक्स असूनही हळू चालणारी क्वेरी

कळमनारोड_डेव्ह (धागाकर्ता), रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, दोन दिवस झाले याच्यातच अडकून राहिलो, आता इथं विचारतो. नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या एका अडत्याचं आवक अन् पट्टीचं (शेतकऱ्याच्या हिशोबाच्या कागदाचं) सॉफ्टवेअर मी सांभाळतो, मोंगोडीबी या डेटाबेसच्या ६.० वर आहे. आमच्या शेठकडे काटोल, नरखेड, कळमेश्वर साईडनं संत्र्याच्या गाड्या येतात, माल उतरला की प्रतवारीनं ढीग लागतात, मोठा, मध्यम, चुरी असे, अन् प्रत्येक ढिगाला वेगळा भाव पडतो, टनावर. म्हणून मी एक गाडी म्हणजे एक डॉक्युमेंट (एक नोंद) धरलं. त्यात तारीख, अडत, शेतकरी, गाव, अन् यादीसारखा ढीग नावाचा अ‍ॅरे. अ‍ॅरेतल्या प्रत्येक ढिगाला नंबर, प्रत, वजन अन् भाव.

शेठचं म्हणणं एवढंच की आंबिया बहारात ज्या गाड्यांची चुरी २०,००० च्या वर गेली तेवढ्या दाखव. मी ढीग.प्रत अन् ढीग.भाव यांचा मिळून एक कंपाउंड (एकाहून जास्त फील्डांचा) इंडेक्स केला, क्वेरीत लिहिलं ढीग.प्रत बरोबर चुरी, ढीग.भाव २०,००० पेक्षा जास्त किंवा तेवढा. सरळ आहे. पण एक तं स्क्रीन उघडायला भलता वेळ लागून राहिला, अन् दुसरं म्हणजे दिवाणजींनी छापील पट्ट्या घेऊन यादी तपासली तं म्हणतात की यातल्या कितीतरी गाड्यांची चुरी ९,००० नं गेली आहे, ही गाडी इथं आलीच कशी. इंडेक्स खराब होतो का? पाडून पुन्हा बांधला, तेच.

सक्करदऱ्याचा_सागर, रात्री ११:५२

भाऊ आधी एक्स्प्लेन टाक ना, म्हणजे क्वेरी कशी चालली त्याचा अहवाल, एक्झिक्युशनस्टॅट्स (आकडे) लावून. इंडेक्स घेऊन राहिला का कॉलस्कॅन (अख्ख्या कलेक्शनचं वाचन) मारून राहिला हे पाहिल्याशिवाय कोण काय सांगन.

कळमनारोड_डेव्ह, रात्री १२:०५

इंडेक्स घेतो आहे. आयएक्सस्कॅन (इंडेक्स वाचणं) आहे, त्याच्यावर फेच (डॉक्युमेंट उघडणं). इजमल्टीकी ट्रू. कीज एक्झामिन्ड (वाचलेल्या इंडेक्स-नोंदी) ११,८४०, डॉक्स एक्झामिन्ड ११,४००, परत आले ३,१६०. अन् इंडेक्स बाउंड्समध्ये प्रतवर चुरी ते चुरी आहे पण भावावर मिनकी ते मॅक्सकी, म्हणजे सगळ्यात लहान ते सगळ्यात मोठं, दिसून राहिलं. म्हणजे भावाची अट इंडेक्सनं घेतलीच नाही? काऊन?

बॅकएंडवाले_काका, सकाळी ६:३०

तुमचं उत्तर त्या मिनकी ते मॅक्सकीमध्येच आहे. जरा लांबण लावतो, कारण हे एकदा नीट कळलं की अ‍ॅरेवरचे अर्धे प्रश्न पुन्हा पडत नाहीत.

तुमच्या दिवाणजींकडे रोजकीर्द असते अन् खतावणी असते. रोजकीर्दीत गाडी आली तशी लिहिली, तारखेच्या ओळीनं. खतावणीत तीच नोंद खात्यावर खतवली अन् शेजारी रोजकीर्दीचं पान लिहिलं. कलेक्शन ही रोजकीर्द, इंडेक्स ही खतावणी. आता फील्ड साधं असेल तर एका गाडीची खतावणीत एकच नोंद. फील्ड अ‍ॅरे असेल तर जेवढे ढीग तेवढ्या नोंदी, अन् सगळ्यांपुढे पान एकच, त्या गाडीचं. यालाच मल्टीकी इंडेक्स म्हणतात. तो वेगळा मागावा लागत नाही, एका जरी डॉक्युमेंटमध्ये त्या जागी अ‍ॅरे सापडला की मोंगो आपणहून इंडेक्स मल्टीकी करतो.

आता एक गाडी घ्या. दोन ढीग. चुरी ९,०००, मोठा २८,०००. खतावणीत दोन नोंदी पडल्या, चुरी-९,००० अन् मोठा-२८,०००, दोन्हींपुढे हीच गाडी. तुम्ही विचारलं काय? की ज्या गाडीत कोणता तरी ढीग चुरी आहे, अन् कोणता तरी ढीग २०,००० च्या वर आहे. दोन्ही अटी एकाच ढिगानं पाळाव्यात असं तुम्ही कुठंच म्हटलं नाही. या गाडीत चुरी आहे, हो. २०,००० च्या वरचा ढीग आहे, हो, मोठा आहे. गाडी यादीत आली. तुमच्या प्रश्नाचं ते बरोबर उत्तर आहे, प्रश्न शेठचा नव्हता एवढंच.

अन् हळू का, तेही इथंच. समजा इंडेक्सनं शहाणपणा करून चुरीच्या खात्यात फक्त २०,००० च्या वरच्याच नोंदी पाहिल्या असत्या, तर ही गाडी सुटली असती, कारण तिची चुरीची नोंद ९,००० वर आहे. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चुकलं असतं. म्हणून तो बिचारा चुरीचं अख्खं खातं पहिल्या नोंदीपासून शेवटापर्यंत वाचतो, प्रत्येक गाडी रोजकीर्दीतून उघडतो अन् मग भाव तपासतो. ११,८४० नोंदी त्याच्यामुळे.

उपाय एलेममॅच. ढीग या फील्डवर एलेममॅच लावा अन् त्याच्या आत प्रत चुरी, भाव २०,००० अन् वर, अशा दोन्ही अटी एकत्र ठेवा. म्हणजे तुम्ही सांगितलं की एकच ढीग दोन्ही अटींत बसला पाहिजे. मग त्याला दोन्ही अटींच्या सीमा एकत्र लावता येतात. इंडेक्सला हात लावू नका, तो ठीक आहे.

मानेवाडा_प्रिया, सकाळी ८:१५

काकांनी सांगितलं ते साध्या आकड्यांच्या अ‍ॅरेलाही लागू आहे बरं का, तिथे तर लोक जास्त फसतात कारण ढीग.प्रत असं टिंब वगैरे काही दिसत नाही. मी एका सेन्सरच्या प्रोजेक्टवर होते, एका दिवसाचं एक डॉक्युमेंट, त्यात तापमान नावाचा नुसता आकड्यांचा अ‍ॅरे. तापमान ४० ते ४२ च्या मधे गेलेले दिवस हवे होते, मी लिहिलं ४० पेक्षा मोठं अन् ४२ पेक्षा लहान, एकाच फील्डवर, एकाच कंसात. मे महिन्यातला असा दिवस आला ज्यात पहाटे ३० अन् दुपारी ४६, मधली वाचनं सेन्सर बंद पडल्यामुळे नव्हतीच. ४६ हे ४० च्या वर आहे, ३० हे ४२ च्या खाली आहे, झालं, दिवस यादीत. तिथेही इंडेक्स दोनपैकी एकाच टोकाची सीमा घेतो, दुसरी नंतर तपासतो. एलेममॅच लावलं की दोन्ही टोकं लागतात.

कळमनारोड_डेव्ह, सकाळी १०:२०

काका, पाया पडतो. एलेममॅच लावलं. कीज एक्झामिन्ड २१२, डॉक्स २०८, परत आले २०८. बाउंड्समध्ये भावावर २०,००० ते इन्फिनिटी आलं. दिवाणजींनी पहिल्या पन्नास पट्ट्या जुळवून पाहिल्या, एकही चुकली नाही. ते रोजकीर्द-खतावणीचं मी त्यांनाही सांगितलं तं ते म्हणाले हे तं मला ठाऊकच आहे, तू आधी विचारलं असतं तं.

एक शंका मात्र राहिली. कीज २१२ अन् डॉक्स २०८, मधल्या ४ कुठं गेल्या?

बॅकएंडवाले_काका, सकाळी १०:४५

ज्या गाड्यांमध्ये चुरीचे दोन ढीग आहेत अन् दोन्ही २०,००० च्या वर गेले, त्यांच्या नोंदी खतावणीत दोनदा सापडल्या पण गाडी एकच. मोंगो अशी दुसऱ्यांदा आलेली गाडी गाळतो, पुन्हा उघडत नाही. एक्स्प्लेनमध्ये आयएक्सस्कॅनच्या आत ड्युप्सटेस्टेड अन् ड्युप्सड्रॉप्ड असे दोन आकडे असतात, तिथं ४ दिसेल. पहा अन् सांगा.

कळमनारोड_डेव्ह, सकाळी १०:५१

ड्युप्सड्रॉप्ड ४. बरोबर. त्यातल्या दोन गाड्या उघडून पाहिल्या, खरंच चुरीचे दोन-दोन ढीग आहेत.

पोस्टग्रेस_धरमपेठ, दुपारी १२:३०

विषय मोंगोचा आहे पण पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवाल्यांसाठी लिहून ठेवतो, कारण आमच्याकडे गोष्ट जराशी उलटी आहे. जेसनबी कॉलमवर (त्यात अशीच यादी ठेवता येते) जिन नावाचा इंडेक्स लावला अन् कंटेन्स ऑपरेटरनं विचारलं की ढिगांच्या अ‍ॅरेत असं ऑब्जेक्ट आहे का ज्यात प्रत चुरी अन् भाव २१,००० आहे, तर तो एकाच ऑब्जेक्टमध्ये दोन्ही शोधतो, एलेममॅचसारखं वेगळं काही सांगावं लागत नाही. पण ते नेमक्या किमतीसाठी. २०,००० पेक्षा जास्त अशी रेंज आली की जिनला तो भाग इंडेक्समधून काढता येत नाही, चुरीच्या सगळ्या ओळी काढून मग तपासत बसतो. म्हणून तिथे मी ढीग सरळ वेगळ्या टेबलात ठेवतो अन् साधा बी-ट्री इंडेक्स लावतो. मायएसक्यूएलमध्येही ८.०.१७ पासून जेसन अ‍ॅरेवर मल्टीव्हॅल्यूड इंडेक्स आला आहे, मेंबर ऑफ लिहिलं की वापरतो.

कळमनारोड_डेव्ह, दुसऱ्या दिवशी पहाटे ५:१०

मंडळी, नवीन संकट, अन् हे मोठं आहे. रात्री दोन वाजता दिवाणजींचा फोन, काही गाड्यांची एन्ट्रीच होऊन नाही राहिली. काही होतात, काही नाही. गाडी दारात उभी, शेतकरी थंडीत शेकोटीपाशी बसून पट्टीची वाट पाहून राहिला अन् आमची स्क्रीन लाल. मार्केटमध्ये गेलो स्वतः, लॉग पाहिला तं एररमध्ये लिहिलं आहे कॅनॉट इंडेक्स पॅरलल अ‍ॅरेज.

मागच्या महिन्यात हमालीच्या हिशोबासाठी मी एक इंडेक्स केला होता, हमाल अन् ढीग.प्रत मिळून. तेव्हा एका गाडीला एकाच टोळीचं नाव लिहायचो, स्ट्रिंग. इंडेक्स बिनतक्रार तयार झाला, महिनाभर चालला. काल मोबाईल अ‍ॅपची नवीन आवृत्ती गेली त्यात दोन-तीन हमालांची नावं वेगवेगळी निवडता येतात, म्हणजे हमाल आता अ‍ॅरे येतो. ज्या गाडीवर अ‍ॅपनं यादी पाठवली ती अडते, जुन्या अ‍ॅपवरून आली ती जाते. सध्या तो इंडेक्स पाडून टाकला, गाड्या सुरू झाल्या. पण हे झालं काय?

मानेवाडा_प्रिया, सकाळी ७:४०

आधी हे सांगते की पाडलात ते योग्यच केलंत, इंडेक्स पुन्हा बांधता येतो, गाडी थांबवता येत नाही.

नियम असा आहे की कंपाउंड इंडेक्समधल्या फील्डांपैकी एका डॉक्युमेंटमध्ये जास्तीत जास्त एकच अ‍ॅरे असू शकतो. ढीग.प्रत अन् ढीग.भाव चालतात कारण दोन्ही एकाच ढीग अ‍ॅरेच्या आतले आहेत. हमाल अन् ढीग हे दोन वेगळे अ‍ॅरे झाले. का चालत नाही ते मोजून पाहा, गाडीत ६ ढीग अन् ८ हमाल असतील तर प्रत्येक हमालाची प्रत्येक ढिगाशी जोडी लावून ४८ नोंदी लिहाव्या लागतील, एका गाडीच्या. अन् त्यांतल्या बहुतेक जोड्यांना काही अर्थ नाही, त्या हमालानं तो ढीग उचललाच असेल असं नाही. म्हणून मोंगो सरळ नाही म्हणतो.

अन् लक्षात ठेवण्यासारखं हे की तो नियम डॉक्युमेंटवर आहे. तुमचा जुना डेटा हमाल स्ट्रिंगवाला होता म्हणून इंडेक्स बांधताना काहीच बोलला नाही. दुसरा अ‍ॅरे घेऊन पहिलं डॉक्युमेंट आलं तेव्हा इन्सर्टच फेल. इंडेक्समुळे वाचन हळू होईल एवढंच आपल्या डोक्यात असतं, इंडेक्समुळे लिहिणं बंद पडू शकतं हे कोणी सांगत नाही. फील्डचा प्रकार स्ट्रिंगवरून अ‍ॅरे करायचा असेल तर आधी त्या फील्डवरच्या सगळ्या इंडेक्सची यादी काढून बघायची, गेटइंडेक्सेस मारून, ही माझी आता सवय आहे. स्कीमा व्हॅलिडेशन (फील्डचा प्रकार तपासणारा नियम) लावलं असतं तर नवीन अ‍ॅप टेस्टिंगमध्येच अडलं असतं, तेही लावा.

हमालीसाठी हमाल अन् तारीख असा वेगळा इंडेक्स करा. त्यात अ‍ॅरे एकच आहे, चालेल.

सक्करदऱ्याचा_सागर, सकाळी ९:००

अन् पुढच्या वेळी पाडण्याआधी हाईड करून पाय. ४.४ पासून हिडन इंडेक्स आहे, क्वेरीसाठी इंडेक्स निवडणारा प्लॅनर त्याच्याकडे पाहत नाही पण इंडेक्स जागेवर राहतो, काही बिघडलं तं लगेच अनहाईड. पण हो, लपवलेला इंडेक्सही लिहिताना अपडेट होतच राहतो, म्हणून कालच्या प्रॉब्लेममध्ये त्याचा फायदा झाला नसता, पाडावाच लागला असता. वाचनाच्या स्पीडचं पाहायचं असन तं कामाचं आहे.

कळमनारोड_डेव्ह, दुपारी १:३०

हमाल-तारीख लावला, चालून राहिलं. आता शेठ म्हणतात यादी नवीन तारखेपासून लाव अन् मग चुरीच्या भावाप्रमाणे चढउतार पण दे. तारखेनं लावली तं एक्स्प्लेनमध्ये सॉर्ट स्टेज (मेमरीत वेगळा क्रम लावणं) आली. भावानं लावली तं भलतंच, चुरी २१,००० ची गाडी वर अन् २४,००० ची खाली.

बॅकएंडवाले_काका, संध्याकाळी ७:१५

दोन वेगळे प्रश्न आहेत.

तारखेचं सोपं आहे. इंडेक्समध्ये आधी बरोबरीच्या अटी, मग सॉर्ट, मग रेंज. म्हणजे अडत, ढीग.प्रत, तारीख उलटी, ढीग.भाव. तारीख अ‍ॅरेच्या बाहेरचं फील्ड आहे म्हणून मल्टीकी इंडेक्स असूनही त्याच्या ओळीनंच माल बाहेर येतो, वेगळी सॉर्ट स्टेज लागत नाही. जुना इंडेक्स मग ठेवायचा की नाही ते इंडेक्सस्टॅट्स (किती वापरला गेला त्याचे आकडे) पाहून आठवड्यानं ठरवा.

भावाचं अवघड आहे अन् तिथं इंडेक्स बदलून काही होणार नाही. अ‍ॅरे फील्डवर सॉर्ट लावला की मोंगो उतरत्या क्रमात अ‍ॅरेतला सगळ्यात मोठा आकडा धरतो अन् चढत्या क्रमात सगळ्यात लहान. सगळ्या ढिगांमधला, तुम्ही शोधलेल्या चुरीचा नाही. तुमची २१,००० वाली गाडी वर गेली कारण तिच्यात मोठा ३२,००० चा असेल. अन् ३.६ पासून अशा सॉर्टला बहुतेक वेळा मेमरीतच सॉर्ट करावं लागतं, इंडेक्सच्या ओळीचा उपयोग होत नाही. तुम्हाला हवा तो सॉर्ट गाड्यांचा नाहीच, ढिगांचा आहे. अ‍ॅग्रिगेशनमध्ये (टप्प्याटप्प्यानं चालणाऱ्या क्वेरीत) आधी एलेममॅचनं गाड्या निवडा, मग अनवाइंड करून ढीग सुटे करा, मग पुन्हा मॅच लावून फक्त २०,००० वरच्या चुऱ्या ठेवा, मग भावावर सॉर्ट. पहिला मॅच वगळू नका, इंडेक्स फक्त त्यालाच मिळतो. अनवाइंड आधी टाकलात तर अख्खं कलेक्शन सुटं होत बसेल.

सक्करदऱ्याचा_सागर, संध्याकाळी ७:५०

काका मग मी म्हणतो की ढीगच वेगळं डॉक्युमेंट काऊन नाही करायचं? लिलाव ढिगाचा होतो, भाव ढिगाला पडतो, घेणारा व्यापारी ढिगागणिक वेगळा. एलेममॅच नको, अनवाइंड नको, साधा इंडेक्स. धरमपेठवाले भाऊ तेच तं करून राहिले.

बॅकएंडवाले_काका, रात्री ८:३०

सागर, तुझं म्हणणं चुकीचं नाही. पण पट्टी गाडीची निघते ना. शेतकऱ्याला एकच कागद द्यायचा, त्यावर सगळे ढीग, हमाली, तोलाई, खाली देय रक्कम. रात्री दोनला तो कागद एका डॉक्युमेंटमधून एका वाचनात निघतो, अन् ढीग टाकताना गाडीची बेरीज त्याच डॉक्युमेंटमध्ये एका फटक्यात बदलते, ट्रान्झॅक्शन लागत नाही. अन् एका गाडीत ढीग किती होणार, पाच, सहा, फार तर दहा. गाडीचा आकार ठरलेला आहे म्हणून अ‍ॅरेचाही ठरलेला आहे. असा अ‍ॅरे मी आत ठेवतो. ज्याला अंत नाही तो आत ठेवत नाही.

मानेवाडा_प्रिया, रात्री ९:०५

अंत नसलेला अ‍ॅरे मी भोगला आहे म्हणून लिहिते. एका कॉलेजच्या हजेरीचं काम आमच्याकडे आलं होतं, आधीच्या टीमनं वर्गाचं एक डॉक्युमेंट करून त्यात हजेरीचा अ‍ॅरे ठेवला होता, प्रत्येक विद्यार्थी, प्रत्येक तास, प्रत्येक दिवस. वर इंडेक्स होता हजेरी.रोलनंबरवर. जूनमध्ये छान चाललं. दिवाळीपर्यंत एका डॉक्युमेंटमध्ये हजारो एलिमेंट, म्हणजे एका डॉक्युमेंटच्या इंडेक्समध्ये हजारो नोंदी, अन् एक हजेरी टाकली की सर्व्हरला ते सगळं डॉक्युमेंट उचलून त्याच्या सगळ्या कीज पुन्हा काढून जुन्याशी ताडून पाहाव्या लागायच्या, कोणती नवीन ते कळायला. डॉक्युमेंटची १६ एमबीची मर्यादा लांब होती, पण सकाळी आठच्या तासाला शिक्षक फोन हातात घेऊन गोल फिरणारं चक्र पाहत उभे राहायचे. आम्ही दर तासाचं वेगळं डॉक्युमेंट केलं तेव्हा सुटलं.

डेव्ह भाऊ, तुमच्या ढिगांना नंबर आहे ना? त्याच्यावर युनिक इंडेक्स लावला असेल तर एकदा तपासा. अ‍ॅरेवरचा युनिक इंडेक्स दोन वेगळ्या डॉक्युमेंटमधली पुनरावृत्ती अडवतो, एकाच डॉक्युमेंटच्या आतली अडवत नाही. एका गाडीत ७ नंबरचा ढीग दोनदा पडला तर तो काही म्हणणार नाही.

कळमनारोड_डेव्ह, रात्री ११:२०

ताई, तुमचा मेसेज वाचून लगेच तपासलं. युनिक लावलेला आहे, अन् अनवाइंड करून गाडी अन् ढीग नंबरवर ग्रुप मारला तं या हंगामात तीन गाड्या निघाल्या ज्यांत एकच ढीग दोनदा आहे. वजन तेच, भाव तोच, सेव्हचं बटण दोनदा दाबलं गेलं असणार. दोन पट्ट्या दिवाणजींनी तेव्हाच हातानं दुरुस्त केल्या होत्या. तिसरी नरखेडच्या शेतकऱ्याची, तिच्यात त्यांना एका ढिगाचे पैसे जास्त गेले अन् हमाली-तोलाई दोनदा कापली गेली. शेठला आत्ताच फोन केला, ते म्हणाले जास्तीचे राहू दे, हंगाम सांभाळतात ते लोक, कापलेली हमाली-तोलाई मात्र उद्याच परत कर.

आता ढीग टाकताना अपडेटच्या अटीत गाडीच्या आयडीसोबत ढीग.नंबर हा नसावा असं लिहिलं, मग पुश (यादीत भर). नंबर आधीच असला तं अपडेटला डॉक्युमेंट सापडतच नाही, मॉडिफाइड शून्य येतं अन् स्क्रीनवर ढीग आधीच आहे असा मेसेज. दोनदा बटण दाबून पाहिलं, एकदाच पडला.

काकांचा चार फील्डांचा इंडेक्स पण बांधला, सॉर्ट स्टेज गेली. ढीग मी गाडीतच ठेवतो, पट्टीसाठी. सागर, भावाच्या यादीला अनवाइंडवालं लावलं आहे, २४,००० वाली वर आली. उद्या पहाटे मार्केटमध्ये जाऊन दिवाणजींच्या समोर बसून खऱ्या गाड्यांवर पाहतो, काही अडलं तं याच धाग्यात लिहीन.